यॉर्कहून आणलेला डबा

अलीमियाँ काझींना नाही म्हणता येत नसे. एवढा एक दोष सोडला तर माणूस सोन्यासारखा. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका गोदामात अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर, पण एक बोल्ट इकडचा तिकडे झाला नाही. मात्र ते हर्णैला सुटीवर निघाले, की बर दुबईपासून शारजापर्यंतचं सगळं कोकण त्यांच्या दारात हजर! कुणाच्या आईसाठी घड्याळ, कुणाच्या पोरीच्या निकाहचा जोडा. पार्सल पांढऱ्या कापडात शिवलेलं असायचं. ते उसवून आत बघणं अलीमियाँना चोरीइतकंच वाईट वाटे. "अमानत आहे," म्हणायचे, "अमानतीला हात लावायचा नसतो." लोक तोंडभर कौतुक करत. करणारच, त्यांचं काय जातंय? भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

गेल्या एप्रिलात ते पहिल्यांदा विलायतेला गेले. मुलगी नबिला यॉर्कला मास्टर्स करत होती, तिला आठ दिवस भेटायला. शहराभोवती जुनी दगडी तटबंदी आणि तिच्यावरून चालायची वाट. हर्णैचा सुवर्णदुर्ग पाहत वाढलेल्या माणसाला तटबंदीचं काय कौतुक? तरी त्यांनी विचारलंच, "तिकीट किती?"

"इट्स फ्री, अब्बा."

फुकट म्हटल्यावर ते खुशीत वर चढले. पण वाट अरुंद, शहराकडच्या बाजूला कित्येक ठिकाणी कठडाच नाही, आणि वारा असा की टोपी डोक्यावर राहीना. खाली हिरवळीवर पिवळी फुलं डोलत होती, वर आभाळ शिशासारखं. अलीमियाँ भिंतीला खेटून चालू लागले. का कोण जाणे, त्यांना सकाळपासूनच बरं वाटत नव्हतं.

तटाला मोठमोठे दरवाजे होते. त्यातल्या एकापाशी नबिला थांबली. "दे पुट हेड्स हिअर, अब्बा. ट्रेटर्स." राजाशी दगा करणाऱ्यांची मुंडकी म्हणे भाल्यांवर खोचून इथे वर लावत, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावीत म्हणून. अलीमियाँनी वर पाहिलं. तिथे कबुतरं बसली होती.

"तौबा! हे काय दाखवायला आणलंस?" ते म्हणाले.

त्याच दरवाजाखाली त्यांना अफशा भेटायला आली. ही मरियमबींची मुलगी. मरियमबी दुबईत अल मनखूलला राहणाऱ्या विधवा बाई, एका नर्सरीत आया. त्यांचा नवरा अलीमियाँचा जुना रूममेट. अफशा हर्णैला आजीकडे वाढली आणि लग्न होऊन थेट यॉर्कला आली. गल्फ तिने विमानाच्या खिडकीतूनच काय तो पाहिला. तिच्या हातात पांढऱ्या कापडात शिवलेला डबा होता.

"चाचा, डिंकाचे लाडू आहेत. अम्मीचे गुडघे फार दुखतात. एवढं न्याल ना?"

"अगं, हे काय विचारणं झालं?" अलीमियाँनी डबा काखेत मारला.

ती गेल्यावर नबिला म्हणाली, "अब्बा, ओपन इट."

"शरम नाही वाटत? एका आईचा खाऊ आहे."

"शी डझंट नो द रूल्स इन दुबई. वन मिस्टेक अँड युअर व्हिसा इज खलास. इट मीन्स जेल, अब्बा."

"जेलबिल काही नाही. लाडवांना कोण जेलात घालतं?"

डबा बॅगेत गेला, बॅग दुबईच्या विमानाच्या पोटात गेली. तिकडे वाळवंट दिसायला तासभर उरला असताना अलीमियाँना आईची आठवण आली. आई लाडू करायची तेव्हा ते तिच्यापाशी बसत. ती आधी डिंक तळायची. मग खारीक कुटायची. मग सुकं खोबरं भाजायची, आणि खोबऱ्याच्या मागोमाग त्याच कढईत खसखस.

खसखस!

गल्फमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की खसखस तिकडे चालत नाही, अफूच्या हिशेबात धरतात. बायका गावाहून मसाला आणताना दहादा विचारून घेतात. आणि हे अठ्ठावीस वर्षांचे अनुभवी गृहस्थ! कोकणात खसखशीवाचून डिंकाचा लाडू होतो का? पण यॉर्कात तिला खसखस कुठली मिळायला, असं त्यांनी मनाला समजावलं. मन ऐकेना. कालच नबिलाने खाऊ घातलेला पाव काळ्या दाण्यांनी माखलेला होता. दुकानादुकानात मिळते ती तिथे.

पट्ट्यावरून बॅग आली. ती तशीच सोडून जावं असं वाटलं, पण टॅगवर नाव होतं. आपणहून कस्टमच्या अधिकाऱ्याला सांगावं, हेही वाटलं. पण सांगायचं काय? कदाचित नसेलही. कदाचित बघणारही नाहीत. भिडस्त माणूस शेवटपर्यंत भिडस्तच. त्यांनी कलमा पुटपुटला आणि चालू लागले.

"सर. प्लीज."

टाके कापले गेले. अधिकारी तरुण होता, अदबीने वागत होता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. त्याने लाडू फोडला. गावची पांढरी खसखस खोबऱ्यात लपली असती. ही विलायती, काळीनिळी, प्रत्येक तुकड्यातून डोळे वटारून बघत होती.

"युअर्स?"

अलीमियाँच्या डोळ्यांपुढे नबिला आली. तिची उरलेली फी आली. अठ्ठावीस वर्षांची नोकरी आली, आणि गजांमागे बसलेले ते स्वतः.

"नॉट माइन," ते म्हणाले. मग कुणी न विचारता मरियमबींचं नाव, बिल्डिंग, फ्लॅट नंबर, सगळं सांगून टाकलं. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबताच येईना.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं आणि त्यांचाच फोन त्यांच्यापुढे सरकवला. त्या बाईंना इथे बोलवा, म्हणाला. स्पीकर चालू ठेवला. हिंदी-मराठी समजणारा दुसरा माणूस शेजारी येऊन बसला.

मरियमबींनी पहिल्याच रिंगला उचलला. "पोचलात अलीभाई? माझी पोर बघितलीत? बारीक झाली का हो?"

"बरी आहे. भाभी, डबा आणलाय. मला तिकडे यायला जमायचं नाही. तुम्हीच एअरपोर्टवर येऊन जाल का?"

"अहो, येते की! तुम्ही एवढ्या लांबून आणलात, मग मी एवढंही येऊ नये? टॅक्सी करते, यल्ला, निघालेच. तिथून हलू नका हं." त्यांनी बहुधा चपला शोधायला सुरुवात केली होती, आवाज दूर गेला आणि पुन्हा जवळ आला. "किती तसदी दिली तुम्हाला. दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मी पोरीला सांगितलंच नसतं. अल्ला तुमचं भलं करो."