नारळ परत केला

आधीच सांगते, माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाच्या हाती हे कागद लागलेच तर चुका सोडून वाचावं. तोंडाने सांगायला गेले की माझा आवाज बसतो, म्हणून लिहिते.

पेडण्याजवळच्या आमच्या घरात सासऱ्यांचं घुमट आहे. मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर चामडं ताणलेलं, मागचं लहान तोंड उघडं. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आरत्यांना पुरुष ते वाजवतात, एरवी ते खुंटीला असतं. पावसाने चामडं सैल पडतं, म्हणून चवथीआधी ते उन्हात तापवायचं काम लग्न झाल्यापासून माझ्याकडे. चामडं ताणलं का ते बघायला एक थाप मारायची. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. मग चवथ नसतानाही दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की मी मागच्या पडवीत घुमट मांडीवर घेऊ लागले. डाव्या हाताने मागचं तोंड झाकलं की आवाज पोटात जातो, उघडलं की बाहेर येतो. सोबत मी तोंडातल्या तोंडात गुणगुणते. शब्द नसतात. तेवढा वेळ मला कुणाची भीती वाटत नाही. हे कुणाला माहीत नाही, असं मी समजत होते.

गेल्या काजूच्या हंगामात केरीच्या किनाऱ्यावरचा एक हॉटेलवाला आमच्याकडे ओले काजू न्यायला यायचा. मी सोललेले काजू सोप्यावर ठेवून आत जायची. परक्यासमोर मला उभं राहवत नाही.

एकदा मी बाजार करून दुपारी उशिरा आले. सासूबाईंनी भात आणि नारळाच्या रसातलं बांगड्याचं हुमण वाढलं.

"नारळ गोड आसा, माय. आमच्या माडाचो न्हय हो," मी म्हटलं.

"न्हय गो. तो काजयांचो हॉटेलवालो घेवन आयलो. नारळ, विडो आणि पाकीट. खंयतरी लगीन आसतला. मियां देवाक दाखवलंय नि फोडलंय."

संध्याकाळी आमच्या ह्यांनी पाकीट उघडलं. आत पाच हजार रुपये. ह्यांनी त्याला फोन लावला, ऐकता ऐकता माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने हसले. "लगीन बिगीन काय नाय. ही दर शनवारी दर्यार घुमट वाजयतली म्हणान इसार दिल्यान!"

आमच्याकडे दशावतारी मंडळींना नाटक ठरवताना नारळ-विडा देतात. तो घेऊन देवापुढे ठेवला की शब्द दिला. सासूबाईंनी लग्नाचं बोलावणं समजून माझ्या वतीने शब्द दिला होता, आणि मी तो हुमणात कालवून खाल्ला होता.

"तुका घुमट वाजवक येता?" ह्यांनी विचारलं.

"तर!" सासूबाई म्हणाल्या. "मियां काय बहिरी आसंय? ती वाजवता तेव्हा माका नीज लागता."

मला दुसरा धक्का बसला. इतकी वर्षं त्या ऐकत होत्या.

तिसरा ह्यांच्या मोबाइलवर आला. त्या माणसाने कुंपणाआडून काढलेला व्हिडिओ पाठवला होता. माझी पाठ, सुटलेला अंबाडा, हलणारी मान. अंगावर कपडेच नाहीत असं मला वाटलं. आणि खोटं कशाला लिहू, आवाज चांगला होता. त्याचीच जास्त भीती वाटली.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी ते पैसे देऊन गॅरेजात अडकलेली स्कूटर सोडवून आणली. दुपारी मी घुमट खाली काढलं, पण हात उठेना. पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटत राहिलं. घुमट परत खुंटीला लावलं. चार-पाच दुपारी तसंच झालं. तेव्हा मला कळलं की हे वाजवणंच माझ्याकडून जाणार.

"माका जावचा नाय," मी ह्यांना म्हटलं.

"अगो, घरात फुकट बडयतस, तांच थंय बडय."

"फुकट आसा म्हणानच वाजयतंय."

एवढं मी ह्यांना कधी उलटून बोलले नव्हते. ह्यांनी विचारलं, "पैसे खंयसून दितलंस?"

"काजयांतसून."

मग उरलेला हंगामभर मी काजू सोलून दिले आणि एक पैसा घेतला नाही. ओल्या काजूच्या डिंकाने कातडी जळते. माझ्या बोटांची सालं निघाली. वाजवायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं.

शेवटचे काजू न्यायला तो आला त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "पैशांचा झाला. पण देवाफुडे ठेवलेलो नारळ? तोव परत दी."

आमच्या माडाचा नारळ घेऊन मी स्वतः सोप्यावर गेले. त्याने काजू मोजले.

"फिटले, वयनी. पण एक शनवार तरी..."

मी नकाराची मान हलवली. आतून सासूबाई ओरडल्या, "शनवारी ती माका निजयता! तू दुसरा कोणतरी बघ."

तो ओशाळून हसला आणि हात पुढे केला. सालं गेलेल्या बोटांनी मी नारळ त्याच्या हातात ठेवला. पैसे आधीच फिटले होते, आता शब्दही परत गेला.