हात माझे, आवाज सरांचा

"हात छान आहेत तुमचे मॅडम. फक्त आवाज काढून टाकू."

हे सगळ्यांसमोर म्हटलं गेलं. शिक्षण परिषद चालू होती, म्हणजे आसपासच्या जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांची महिन्याची बैठक. भिंतीवर माझा व्हिडिओ दाखवत होते. पाण्याची बादली, तळाशी कागद कोंबलेला काचेचा पेला आणि माझे हात. पेला पालथा घालून सरळ पाण्यात दाबायचा. आत हवा अडकलेली असते, म्हणून कागद कोरडाच राहतो. माझा आवाज विचारत होता, "बगा, कागूद भिजला का? न्हाय. का बरं न्हाय?"

हॉल हसला. शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावला.

व्हिडिओ थांबवला तो आमच्या केंद्रातल्या तंत्रस्नेही सरांनी. मोबाइलचं, संगणकाचं सगळं त्यांच्याकडं. घरची मोठी बागायत, भाऊ पुढारी. प्राथमिकच्या शिक्षकांना वर्गात वापरता यावेत म्हणून ते विज्ञानाचे व्हिडिओ गोळा करून इंटरनेटवर टाकत होते.

"हे सगळा महाराष्ट्र बघणार," ते म्हणाले. "वस्तीवरची भाषा नको. आवाज मी देतो. आणि अंगठ्यावरचा तो वण दिसतोय. पुढच्या वेळी पट्टी लावा."

केंद्रप्रमुख मान डोलवत होते. मी म्हणाले, "बरं सर."

त्या 'बरं सर'चा राग मला आजही येतो. पण तेव्हा दुसरं काय म्हणणार होते? वर्षाच्या अहवालात माझ्याबद्दल काय लिहायचं ते केंद्रप्रमुखांच्या हातात. घर माझ्या पगारावर. नवरा आजारी. अडला हरी गाढवाचे पाय धरी.

वण कोयत्याचा आहे. मी मातंग वस्तीतली. आई-बाप ढोकीकडं ऊस तोडायला जायचे, तेव्हा फडात लागला.

हाच प्रयोग मी चौथीत असताना गुरुजींनी केला होता. पेला त्यांच्या घरचा होता. एकेक पोर पुढं जायचं, पेला पाण्यात दाबायचं, वर काढून कोरडा कागद दाखवायचं. माझी पाळी आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "तू लांबनंच बघ." मी लांबून बघितलं. घरी येऊन जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीत चिंधी कोंबली आणि गावाच्या हौदात बुडवून बघितली. चिंधी कोरडी. कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण आमच्यातल्या पोरीनं हौदात हात घातला म्हणून मार बसला असता.

तेव्हा माझे डोळे चालत होते, हात चालत नव्हते. आता हात चालतात, आवाज चालत नाही.

मी व्हिडिओ हौसेनं करत नव्हते. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलवर टिपला की व्हिडिओत एक बाई दिसतात. गोड बोलतात, पण माझी पोरं मख्खासारखी बसतात. "बाई, ही काय म्हंतीय?" माझ्या वर्गातली निम्मी पोरं दिवाळी झाली की आई-बापामागं फडावर जातात. त्यांना आईच्या मोबाइलवर, त्यांच्याच बोलीत प्रयोग दिसावा, एवढ्यासाठी मी ते केले होते.

पुढं सुरूच राहिलं. लोहचुंबक आणि माती. मोड आलेले हरभरे. गढूळ पाणी कापडातून गाळणं. प्रत्येक वेळी मी अंगठ्याला पट्टी लावायची, तोंड मिटून प्रयोग करायचा, सरांना पाठवायचा. वर्ग सुटल्यावर, दार लावून. सर आवाज देणार. खाली लोक लिहिणार, 'सर, अप्रतिम!' आयत्या बिळावर नागोबा. आणि त्या व्हिडिओखाली मीही अंगठा दाखवायचा, कारण शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण दाखवत नाही यावर लक्ष असायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग एक दिवस वरून आदेश आला, सरांचे व्हिडिओ वर्गात दाखवा आणि दाखवतानाचा फोटो पाठवा. मी दाखवला. पालथा पेला, सरांचा भरदार आवाज, "प्रस्तुत प्रयोगातून असे सिद्ध होते की..." माझाच प्रयोग माझ्याच पोरांना कळेना.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. पडद्याजवळ गेली. पहिल्या व्हिडिओत पट्टी नव्हती. तिनं वणावर बोट ठेवलं.

"बाई, हे तुमचेच हात हायत की. मग तुमी का बोलत न्हाय?"

मी तिला बस म्हणाले आणि फोटो काढलाच नाही.

पुढच्या परिषदेत सरांनी नवा प्रयोग मागितला. मी उभी राहिले. शाळेत शिकलेली भाषा बाजूला ठेवून बोलले.

"म्या देणार न्हाय. आवाज नको आसंल तर हातबी मिळायचे न्हाईत. आन् आधीचे समदे काढून टाका."

या वेळी हॉल हसला नाही. केंद्रप्रमुख म्हणाले, "मॅडम, नोकरी करायची आहे ना?"

"करायचीय. हितंच करायचीय."

दुसऱ्या दिवशी मला ग्रुपमधून काढलं. आता माझ्या शाळेला भेटी जास्त होतात. फळ्यावरची तारीखसुद्धा तपासतात. सहकारी चहाला बोलवत नाहीत. बदली मागून मिळायची नाही आणि घर माझ्या पगारावर, म्हणून नोकरी सोडवत नाही. सुटले असं मला वाटत नाही. उलट फास आवळलाय.

पण मी सगळे प्रयोग पुन्हा केले. दार उघडं ठेवून, पोरांना भोवती उभं करून. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर जातात, तोही आवाज त्यात आहे. पट्टी नाही. हे व्हिडिओ मी फडावरच्या आयांच्या मोबाइलवर धाडते.

सरांचे व्हिडिओ अजून तिथंच आहेत. माझे हात, त्यांचा आवाज. ते काढावेत म्हणून मी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात अर्ज दिला, उत्तर आलं नाही. दुसरा दिला. तिसरा घेऊन मी स्वतः जाणार आहे आणि दारात उभी राहून, माझ्या बोलीत, मोठ्यानं वाचणार आहे.

माझे हात मला परत पाहिजेत.