दाताखालची तूर

माहूरजवळचं गाव सोडून मी लातूरला आलो तेव्हा माझी आठवी अर्धीच झाली होती. डाळमिलच्या अप्पांनी ठेवून घेतलं, मिलमागं झोपायला खोली दिली आणि तूर दाताखाली धरायला शिकवलं. दाणा कट्टकन फुटला तर माल कोरडा, दबून फुटला तर ओला. अडतीवर माल घ्यायला जाताना अप्पा मला सोबत न्यायचे. मी चावून मान हलवली की सौदा व्हायचा. माझी शाळा ती तेवढीच, आणि तिच्यावर माझं घर उभं राहिलं. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही.

तरी चव्वेचाळिसाव्या वर्षी मीच म्हणालो, अप्पा, आता बस. घरावर दोन खोल्या काढल्या होत्या, क्लासला आलेली पोरं भाड्यानं राहायची, पोट भागत होतं. धुळीनं छाती भरून यायची ते वेगळंच. लोक म्हणाले, नशीबवान हाय. मलाही तसंच वाटलं.

पहिला महिना झोपेत गेला. मग कळलं, माझ्याकडं दुसरं काहीच नाही. शिकलेला माणूस घरी बसला तर वाचतो, चार लोकांना सल्ला देतो. मी पाण्याची टाकी भरली का बघायला दिवसातून चारदा गच्चीवर जायचो.

"ओ, टाकी काय पळून चालली का?" बायको हसली. मग हळूच म्हणाली, "जावा की अप्पांकडं. तुमचं असं बसणं बघवत न्हाई."

दहा महिन्यांनी गेलो. दारातच जुना हमाल म्हणाला, "या, रिटायर साहेब. पेन्शन कमी पडायली का?"

अप्पांना म्हणालो, परत घ्या. दारात उतरलेल्या पोत्यांतली मूठभर तूर त्यांनी माझ्यापुढं सरकवली. मी दाणा चावला. आवाज आला, पण कसला, ते ठरवता येईना. दुसरा घेतला, तिसरा घेतला.

"कोरडी हाय," म्हणालो.

अप्पांनी तीच तूर ओलावा मोजायच्या मशीनमध्ये टाकली, आकडा बघितला आणि मशीन सावकाश स्वतःकडं वळवलं.

"अप्पा, झाडायचं काम द्या. काय पण द्या."

"तुझ्या हातात झाडू कसा देऊ रे? इथली निम्मी माणसं तुझ्या हाताखाली शिकली." त्यांनी खुर्ची पुढं केली. "बस. च्या घे."

मिलमधली माणसं स्टीलच्या गिलासात चहा पितात. माझा कपबशीत आला, बाहेरच्या व्यापाऱ्यांना देतात तसा. ज्या माणसानं मला उभं केलं त्याच्या चहाला नको कसं म्हणू? मी चहा बशीत ओतला. अप्पांनी मान फिरवली आणि हमालाला जवळ बोलावून हळू आवाजात सांगितलं, ती पोती परत पाठव, ओली हायत.