सहा जणांचं एक पान

चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. लग्नाच्या पत्रिकेतलं इंग्रजीसुद्धा मी आधी पेन काढून दुरुस्त करते, मग तारीख बघते. पंचवीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे मी अशी झाले की आधीपासूनच अशी होते, ते घरच्यांना विचारावं.

२०१२ च्या सुमारास पनवेलला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवत होते. शिकणारे सहा. वर्ग आठवड्यातून दोनदाच, त्यामुळे हाताला वळण लागेना. मग भाच्याने इंटरनेटवर सगळ्यांना एकत्र लिहिता येईल असं प्रत्येकाचं एकेक पान उघडून दिलं. ज्याला जिथून जमेल तिथून, घरातून नाहीतर सायबर कॅफेतून, त्याने त्यात लिहायचं. बाकीच्यांनी वाचून कडेला शेरा द्यायचा. नियम मी एकच केला होता, दुसऱ्याचं लिहिलेलं कुणी खोडायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात कडेची जागा 'व्हेरी नाइस'ने भरून गेली. कुणाच्या घरी चहाला गेल्यावर चहाला नावं ठेवत नाहीत, तसा सगळा प्रकार. त्यात वर्गात एक चाचा होते. आखातात वीस वर्षं एका कंपनीच्या गेटवर बसून कोण आत आलं, कोण बाहेर गेलं ते लिहून ठेवायचं काम केलेले. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून त्यांच्या वाक्यांना तर कुणी बोटही लावेना. मला वैताग आला. मी मनात म्हटलं, यांच्या भरवशावर राहिले तर झालंच.

खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून एक मुलगी यायची. बी.कॉम. झालेली, बोलायला धीट, इंग्रजी लिहायची वेळ आली की गप्प. तिची आई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची. घरात ठरलं होतं, दिवाळीपर्यंत ऑफिसात काम मिळालं तर ठीक, नाहीतर आईशेजारी पाटी घेऊन बसायचं. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांच्या कामाला माणूस हवा होता. तिथे समोर बसवून इंग्रजीत एक पान लिहून घेत. तिला ते काम हवं होतं. मलाही ते तिला मिळायला हवं होतं, कारण सहा जणांत तीच मेहनती होती, आणि खरं सांगायचं तर यशाचं श्रेय मला घ्यायचं होतं.

तिने आपल्या पानावर आईबद्दल लिहायला घेतलं. ती उरणच्या कॅफेतून दुपारी लिहायची. मी सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि एखादा शब्द बदलायचे. मग वाक्य. मग दोन वाक्यं. माझाच नियम होता, पण तो विद्यार्थ्यांसाठी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. महिन्याभरात ते पान असं झालं की मी ते दोन मैत्रिणींना वाचून दाखवलं.

यार्डात विषय निघाला 'तुमचा कालचा दिवस'. तिने दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा वेळ पेन धरून बसून राहिली. पुढच्या वर्गाला येऊन तिने हे सांगितलं तेव्हा मी तिलाच बोलले. म्हटलं, "एवढं छान लिहितेस आणि ऐन वेळी घाबरतेस कशाला?"

चाचांनी वर्गातल्या कॉम्प्युटरवर तिचं पान उघडलं आणि त्याचा इतिहास दाखवणारी खिडकी काढली. असं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं. कुणी, कोणत्या वेळी, काय बदललं ते सगळं ओळीने लिहिलेलं. सकाळी सहा दहा, माझं नाव. सहा चौदा, माझं नाव. खाली खाली नुसती मीच.

"मॅडम, गुस्सा करू नका," चाचा म्हणाले. "गेटवर बसून बसून सवय लागली. मी रोज बघत होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही उस्ताद. तुम्हाला कसं टोकणार?"

मी तिच्याकडे वळले. "आणि तू? तू तरी सांगायचंस."

"आमच्यात जालं फाटलेलं दिसलं का शेजारचा पन सुई घेऊन बसतो," ती म्हणाली. "कुनाचं जालं ते कोन इचारीत नाय. मला वाटलं तुमी तसंच केलंव. पन तिकडं मी एकलीच व्हती, मॅडम."

इतिहासातलं सगळ्यांत जुनं पान चाचांनी उघडलं. तिने मोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं, आई मासळी बोटाने दाबते आणि मासळी तिला सांगते, आजची की कालची. त्या जागी मी घातलेलं वाक्य होतं, माझी आई अत्यंत कष्टाळू असून ती आमचं प्रेरणास्थान आहे. मला लाज वाटली. बाकीच्या पाच जणांसमोर वाटली म्हणून जास्त वाटली, हेही खरं.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका यार्डात जागा निघाली. तिने नवीन पान सुरू केलं. वर्गातल्या सगळ्यांना तिने त्यात लिहायला दिलं होतं, मला फक्त वाचायला. सकाळी चहा घेऊन बसले तर दुसऱ्याच ओळीत ढळढळीत चूक. बटणं दाबून पाहिली, काही हलेना. चहा गार झाला. दुपारी पुन्हा बघितलं तेव्हा चाचांनी कडेला, पहिल्यांदाच 'व्हेरी नाइस' सोडून, दुसरी ओळ पुन्हा वाच असं लिहिलं होतं. तिने ती दुरुस्त केली, मी केली असती त्यापेक्षा वेगळी. पुढच्या ओळीत नवी चूक केली. रोज एक पान, रोज नवा विषय, असं दिवाळीच्या आठवडाभर आधीपर्यंत चाललं.

मग त्या यार्डातली लेखी परीक्षा झाली आणि तिला घेतलं. ही बातमी तिने आधी आईला बाजारात जाऊन सांगितली, मग त्या पानावर लिहून वर्गाला, आणि संध्याकाळी फोन करून मला. माझा नंबर शेवटचा लागला याचं मला वाईट वाटलं, आणि तिचं काही चुकलं असं म्हणायला मला तोंड नव्हतं.