बरणीतले पाच मासे

लेकीनं माशांच्या खाद्याची डबी उघडली अन् त्या खारट वासानं मला चौसाळ्याच्या घरातली काचेची बरणी आठवली. बीडच्या दुकानदारानं बजावलं होतं, "एवढ्या पाण्यात दोनच जगतील." पण आई म्हणाली, "घरात पहिल्यांदा येतेत, दोनच कावून? शुभ म्हणून पाच आण." पाच आणले. आठवड्यात चार मेले, उरलेला एक तीन वर्षं जगला.

"याला सोबत आणू का रं?" आई सारखी विचारायची. मी नकोच म्हणायचो. त्याला जपत होतो, की एकटं पाडत होतो, अजून कळत नाही.

"बाबा, किती मासे आणायचे?" लेक विचारतेय.

आई आता चौसाळ्यात एकटीच असते. फोनवर म्हणते, "मी लई मजेत हाय."

तो मासाही मजेतच दिसायचा.