हे कधीच काढायचं नाही

"बाय, काय नको ते आधी सांग."

सरांचं हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. भाजीवालीसमोरसुद्धा ते तसंच करत. वांगी नको, भेंडी नको, असं करत करत शेवटी कोथिंबिरीच्या जुडीवर येत. ती बिचारी वैतागे, सर शांत.

आयटीआयमध्ये संगणक शिकवून सर निवृत्त झाले आणि दिघीजवळच्या आमच्या मच्छीमार सोसायटीत रोज सकाळी येऊन बसू लागले. मी तिथे कारकून. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आमचा जुनाट संगणक पाहून त्यांना राहवलं नाही, एवढंच. हवामानाचं पत्रक सर्व्हरवरून आणायचं आणि बाहेर धक्क्यावरच्या पडद्यावर दाखवायचं, हे त्या संगणकाचं एकच काम. पत्रक आणणारा प्रोग्राम काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालायचा, आणि आमच्या संगणकासाठी तो तयार मिळत नसे. मूळ कोडवरून तिथेच बांधावा लागे.

बांधण्याआधी त्याला सांगायचं, की तुझ्यात काय हवं, काय नको आणि तू बसायचं कुठे. ऑप्शनची यादी ही हातभर लांब. तुम्ही-आम्ही असतो तर सरळ एंटर दाबून मोकळे झालो असतो. सर चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून वाचत. "मेल पाठवणं? आपल्याला कोणाला पत्रं लिहायचीत? नको." प्रत्येक 'नको' कारणासकट वहीत उतरे. नवा प्रोग्राम ते जुन्यावर कधीच बसवत नसत, त्याला वेगळा फोल्डर देत. "नवी सून आली म्हणून सासूला घराबाहेर काढतात काय?" जुन्या फोल्डरचं नावच त्यांनी 'सासू' ठेवलं होतं.

एकदा सर श्रीवर्धनला लग्नाला गेले. जाताना म्हणाले, "नवीन आवृत्ती आलीय. तूच बांध बरं या खेपेला."

मी हुरळले. यादी घेऊन बसले आणि सरांपेक्षा जास्त 'नको' लिहिले. त्यात सुरक्षित जोडणीही काढून टाकली. म्हटलं, हवामान कोण चोरणार? प्रोग्राम बांधला गेला, वेगळ्या फोल्डरात बसला, संगणकाला नव्याची वाट दाखवली आणि मी घरी गेले. सर्व्हर सुरक्षित जोडणीशिवाय कोणाला दारातही उभं करत नाही, हे मला कुठे ठाऊक! नवं पत्रक आलंच नाही. पडदा आदल्या दिवशीचंच दाखवत राहिला: समुद्र शांत.

सकाळी सर एसटीतून उतरून थेट धक्क्यावर आले. माझ्या भावाच्या होडीत बर्फ भरून झाला होता.

"सर, निघू ना?" भावाने विचारलं.

सर पडद्याकडे बघत होते. सगळे मजकूर वाचतात, सर आधी तारीख वाचत. "न्हाय. ह्ये कालचं हाय. कोणी दोर सोडू नका."

सर आत आले, एक ओळ बदलून संगणकाला पुन्हा 'सासू'ची वाट दाखवली आणि एंटर दाबला. पत्रक आलं. दुपारपासून सोसाट्याचा वारा, समुद्रात जाऊ नये.

दुपारी खरंच नारळ आडवे झाले. भाऊ घरात जेवत होता.

संध्याकाळी सोसायटीच्या मंडळींनी विचारलं, चूक कोणाची? मी उभी राहणार, तेवढ्यात सर म्हणाले, "माझी. हिला काय नको ते शिकवलं. काय सोडायचं न्हाय ते शिकवायचं ऱ्हायलं." मग त्यांनी वहीचं कोरं पान उघडलं, वर लिहिलं, 'हे कधीच काढायचं नाही', आणि खाली एकच ओळ: सुरक्षित जोडणी. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले. नंतर सोसायटीत नवा संगणक आला. त्याला प्रोग्राम तयार मिळतो, बांधावं काहीच लागत नाही. संगणक बसवायला आलेल्या माणसाने जुन्यातल्या फायली त्यात उतरवताना विचारलं, "मॅडम, हा 'सासू' फोल्डर काय आहे? या मशीनवर तो चालणार नाही. काढून टाकू?"

मी वहीचं ते पान त्याच्यासमोर धरलं. सरांच्या ओळीखाली आता माझ्या अक्षरात दुसरी ओळ आहे.