क्लबासाठी देव पाण्यात

क्रेगीबर्नमध्ये आमच्या कुंपणापलीकडे एक स्कॉटिश म्हातारा राहतो. बायको गेलेली, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. तिकडे स्कॉटलंडमधल्या त्याच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा लीगमधला सगळा इतिहास त्याला पाठ, आणि नाइलाजाने आता मलाही. थोडक्यात सांगते. फार पूर्वी क्लब एकदा सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये गेला, तिथे सपाटून मार खाल्ला, आणि तेव्हापासून घसरतोच आहे. यंदा सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्येही शेवटचा नंबर. आता टिकायला खालच्या लीगच्या विजेत्याशी प्लेऑफ, आणि तो हरला की शंभर वर्षांची लीग सुटली.

"मग खेळतील की खालच्या लीगमध्ये, नो वरीज," मी म्हटलं.

म्हातारा भडकलाच. त्याचा भाऊ तिकडे गावात असतो. प्रत्येक मॅचला जातो आणि मॅच झाली की याला फोन करतो. दोघं क्लबाशिवाय अवाक्षर बोलत नाहीत. वहिनी गेल्याचं कळल्यावरसुद्धा भावाने आधी पंचाने नाकारलेला गोल सांगितला होता म्हणे! आता भावाने जाहीर केलं होतं, लीगमधून गेले तर मैदानाचं तोंड बघणार नाही.

"मग तो मला फोन कशाला करेल?" म्हातारा म्हणाला.

पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेल्या आईला मी हे मराठीत सांगितलं. तिने तडक पितळी गणपती उचलला आणि पाण्याच्या पातेल्यात बुडवला. काम होईपर्यंत देव पाण्यात! माझ्या बारावीलाही बिचाऱ्याने हे भोगलंय.

"अगं, त्याला फुटबॉल कळतं का?"

"तुला तरी कुठे कळतं?"

रविवारी सकाळी बातमी आली, एका गोलने जिंकले. मी आईला ओरडून सांगितलं आणि शिफ्टला पळाले. घरी येऊन बघते तर गणपती कोरडा ठणठणीत, देव्हाऱ्यात, पुढ्यात मोदक.

"आई! प्लेऑफच्या दोन मॅच असतात! दुसरी पुढच्या शनिवारी आहे!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

परत घाल म्हटलं तर उसळलीच. "नैवेद्य दाखवून झाला. आता कुठल्या तोंडाने बुडवू? देव म्हणजे काय टी-बॅग आहे?"

दुसरी मॅच हरले. हरले कसले, पार धुतले गेले. सकाळी आई मला ओढतच म्हाताऱ्याकडे घेऊन गेली, माफी मागायला. तो व्हरांड्यात बसला होता, फोन मांडीवर.

"सांग त्यांना, मी देव लवकर काढला."

मी सांगितलं. "नाही आई, चूक गोलकीपरची," तो म्हणाला. मी म्हणते म्हणून तोही तिला आईच म्हणतो. पण नजर फोनवरून हटेना. मॅच संपून कितीतरी वेळ झाला होता आणि भावाचा पत्ता नव्हता. आम्ही शेजारी बसून राहिलो. मला त्या भावाचा असा संताप आला की काय सांगू!

मग फोन वाजला. घाईघाईत म्हाताऱ्याने भलतंच बटण दाबलं आणि स्पीकर सुरू झाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही, भावाने थेट गोलकीपरच्या खानदानाचा उद्धार सुरू केला. मग मॅनेजरचा. मग खालच्या लीगमधल्या एका गावाचा, जिथल्या मैदानावर म्हणे मेंढ्या चरतात, आणि असली ध्यानं बघायला त्याला आता दर शनिवारी तंगडतोड करावी लागणार होती. म्हाताऱ्याच्या गालांवर पाणी, आणि तोंडात त्याहून घाण शिव्या.

"काय म्हणतोय गं?" आईने घाबरून विचारलं.

"शिव्या देतोय."

"देऊ दे," आई डोळे पुसत म्हणाली. "पोटभर देऊ दे."